जिताड्यासारखा

"दादा, आधी डोळं मिट," दौलत म्हणाला.

राघोने डोळे मिटले नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने धाकट्या भावाच्या मागीलदारी, मसाला वाटणाऱ्या बायकांसमोर डोळे मिटून उभं राहायचं हे त्याला पटणारं नव्हतं. शिवाय त्याच्या हातात पिशवी होती, आणि तिच्यात काय आहे हे कोणी विचारू नये म्हणून ती पाठीमागे लपवण्यात तो गुंतला होता.

पिशवीत बोईटं होती. वीतभर लांबीची, खाडीच्या घाण पाण्यातही तग धरून राहणारी साधी बोईटं. आठवडाभर राघो भरती-ओहोटी सांभाळून काल्हेरच्या खाडीत जाळं टाकत होता, ते काही बोईटांसाठी नव्हे. त्याला जिताडा हवा होता.

त्यांच्या घरात मुलीची सुपारी फुटली की व्याही पहिल्यांदा जेवायला येतात, आणि त्या जेवणाला जिताडा लागतो. मटण असो, कोलंबी असो, जिताडा नसला तर जेवण झालं असं कोणी धरत नाही. आणि तो आणायचा घरातल्या थोरल्याने. बाप होता तोवर बापाने आणला. बाप गेल्यावर राघोने बहिणीच्या वेळी आणला, चुलत्याच्या मुलींच्या वेळी आणला. आता दौलतच्या रुचिकाची पाळी होती. रुचिका दौलतला एकुलती एक आणि राघोला मूलच नाही. त्यामुळे ती दोघा भावांत मिळून एक आहे, असं निदान राघो तरी धरून चालला होता.

आणि आठवड्यापूर्वी दौलतने मोबाइलवर सांगितलं होतं, "दादा, जिताड्याचं टेन्शन तू घेऊ नको. मी बघतो."

मी बघतो! राघोच्या घशात ते तेव्हापासून काट्यासारखं अडकलं होतं. दौलत भिवंडीच्या बाजारातून बर्फातला शिळा मासा आणणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्या माशाला काय काय नावं ठेवायची तेही ठरवून झालं होतं. आणि ऐन वेळी आपण खाडीतला ताजा जिताडा नेऊन टाकायचा, म्हणून तो दिवसभर गोडाऊनच्या गेटवर बसून पहाटे खाडीत उतरत होता. खाडीने त्याचं काही ऐकलं नाही. डाईंगच्या कारखान्यांचं रंगीत पाणी सुटायला लागल्यापासून ती कोणाचंच ऐकेनाशी झाली होती.

दौलतने मोठ्या टबावरचं ओलं गोणपाट ओढलं.

टबात तीन मासे होते. प्रत्येक हातभर लांब. रुपेरी अंग, पाठीवर हिरवट झाक, कपाळाशी खोलगट बाक आणि त्याखाली मोठं, थोडं रुसल्यासारखं तोंड.

"शेलार गावाला प्लॉट घेतला ना, तितल्या तळ्यातलं," दौलत म्हणाला. चार गोडाऊनांचा मालक, लोक त्याला शेठ म्हणतात, पण आत्ता त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा चढला होता. "मद्रासकडनं विमानानं पिल्ली मागवली, पिशव्यांत हवा भरून. दोन वरसं वाढवली. तुला मुद्दाम बोललो न्हाय. बोल्लो, एकदम दाखवीन. आता तू सांग दादा, जिताडाच हाय ना?"

पाट्यावरचे हात थांबले. राघोची बायको पार्वती विळीवर बसली होती. तिने एक मासा आधीच चिरायला घेतला होता. तिनेही मान वर केली.

काल्हेरमध्ये असल्या गोष्टी राघोलाच विचारायच्या असतात. खाडीच्या उघाडीवर, बांधातल्या झडपेपाशी, पोरांनी पिल्लं पकडली की हंडा घेऊन राघोकडे. सगळी पिल्लं सारखीच, नखाएवढी, काचेसारखी. राघो त्यांत हात घालून जिताड्याची वेगळी काढून द्यायचा आणि वर्षभराने ती जिताडेच निघायची. चिंबोरी मांसाने भरलेली की पोकळ, हे तो हातात न घेता सांगायचा. कोणाच्या अंगणात साप निघाला तरी आधी राघोला हाक, मग काठी. कसं ओळखलंस असं विचारलं तर त्याला सांगता येत नसे. "बघून कळतं," एवढंच तो म्हणायचा आणि लोकांना तेवढं पुरायचं. राघो हाय बोलला म्हणजे हाय, न्हाय बोलला म्हणजे न्हाय. रुचिका चार-पाच वर्षांची असताना दिवसभर त्याच्या मागे असायची. शिंपला, किडा, पाखराचं पीस, काय मिळेल ते उचलून आणायची आणि विचारायची, "मोठे बाबा, हे कोन हाय?"

बाकी सगळं दौलतकडे गेलं होतं. हायवेच्या बाजूने भराव पडायला लागला तेव्हा राघोने आपल्या वाट्याची खाजण, खाडीकाठची खारी जमीन, विकून टाकली. दौलतने आपली ठेवली आणि तिच्यावर गोडाऊनं उभी केली. मग दौलतचा बंगला झाला, ज्याच्या बाहेरच्या भिंतींनाही टाइल्स आहेत. मग गाडी आली. राघोच्या पोटात दुखलं नाही असं नाही, चांगलं दुखलं. बंगल्याच्या वास्तुशांतीला तो तापाचं निमित्त करून घरी निजला होता. पण पुढे दौलतने त्याला आपल्याच गोडाऊनच्या गेटवर खुर्ची दिली. "आपला मानूस पायजे गेटवर," असं म्हणाला, आणि सगळा गाव दौलतला देवमाणूस म्हणायला लागला. राघोही म्हणायला लागला, दुसरं करणार काय. फक्त मासे तेवढे त्याचे राहिले होते. निदान तिथे तरी दौलतला दादाकडे यावं लागत होतं.

आणि त्याने पिल्लं थेट विमानाने मागवली. एकदाही दाखवायला आणली नाहीत. राघोच्या डोळ्यांखालून न जाता ती जिताडे झाली.

राघो टबाशी वाकला. वाकायची गरज नव्हती. गोणपाट निघालं त्याच क्षणी त्याला कळलं होतं, जसं आपल्या घरचं माणूस गर्दीत पाठमोरं कळतं. गोल शेपटी. उन्हात लालसर चमकणारा डोळा. तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. जिताडाच होता, आणि तोही असा की खाडीने गेल्या कित्येक वर्षांत दिला नव्हता. राघोच्या छातीत जाळ उठला. त्याला तो मासा आवडला नाही. त्याला तो मासा मारायला हवा होता, पण तो मेलेलाच होता.

तेवढ्यात पुढल्या दाराने व्याह्यांकडचे भाऊ मागे आले. भाऊ म्हणजे रुचिकाच्या होणाऱ्या नवऱ्याचा, हितेशचा मामा. मंडळी पेणकडची. तिकडच्या माणसाला हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं तरी त्याचं नाक मागीलदारीच असतं. भाऊ टबाजवळ उभे राहिले, खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा," ते म्हणाले.

"थांबा भाऊ," दौलत हसत म्हणाला. "आमच्याकडं दादा बोलल्याबिगर काय ठरत न्हाय. दादा, बोल."

दादा बोलल्याबिगर! राघोने टबातला मासा उलटा केला, परत सुलटा केला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो शोधत होता. काहीतरी असेलच. सोन्यातही खोट निघते, हा तर दोन वर्षं खाद्याच्या गोळ्या खाऊन वाढलेला मासा. त्याने खवलं बघितली, पर बघितले. मग त्याची नजर पार्वतीच्या विळीकडे गेली. पार्वतीने चिरलेल्या माशाचं पोट उघडं पडलं होतं. आत पिवळी चरबी होती. गाभोळी, माशाची अंडी, नव्हती.

"ह्याच्यात गाभोळी न्हाय," राघो म्हणाला.

"न्हाय," पार्वती म्हणाली. "मग?"

"एवढा मोठा जिताडा, जेठाचा म्हैना, आनि पोटात गाभोळी न्हाय?" त्याने दौलतकडे बघितलं नाही, भाऊंकडेही बघितलं नाही. "बापाच्या टायमापासून बघतोय. एवढ्या अंगाचा जिताडा गाभोळीबिगर मी बघितला न्हाय. त्यो समुद्राच्या तोंडाशी जातो, तितं गाभोळी सोडतो, पिल्लू वर खाडीत येतं. ह्यानं खाडी बघितली न्हाय, समुद्र बघितला न्हाय. जिताड्यासारका हाय. जिताडा न्हाय."

मागच्या बाजूने ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"मग काय हाय?" दौलतने विचारलं.

आजवर राघोने 'हे नव्हे' म्हटलं की लगेच 'मग हे आहे' असंही म्हटलं होतं. आता त्याला काही सुचेना. "हाय तिकडचा कायतरी," तो म्हणाला. "मद्रासकडचा. जात येगळी."

आता दौलत वाद घालेल अशी त्याची खात्री होती. तो बिलं काढेल, फोन लावेल, ज्याने पिल्लं विकली त्याला बोलायला लावेल. शेठ माणूस, मागे कशाला हटेल? आणि मग भांडण होईल, आणि भांडणात राघो काय वाटेल ते बोलून मोकळा होईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं सगळं बोलेल. त्यासाठी त्याने श्वाससुद्धा ओढून घेतला होता.

दौलतचा चेहरा उतरला. त्याने टबाकडे बघितलं, मग राघोकडे.

"असं हाय का," तो म्हणाला. "मना फसवला म्हंजे त्यानं."

एवढंच. राघोने ओढून घेतलेला श्वास तसाच राहिला.

पार्वती विळीवरून उठली. कल्ला काढताना तिचं बोट कापलं होतं. जिताड्याच्या कल्ल्याच्या पाठीला करवतीसारखे दाते असतात. बोईटाला नसतात, रोहूला नसतात. ती नळाखाली बोट धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. व्याह्यांच्या देखत नवऱ्याचा शब्द खाली पाडणाऱ्यातली ती नव्हती.

आतून रुचिका आली. अंगावर नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि साडी चिखलाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरलेली. काय झालं ते तिला आईने आत जाऊन सांगितलं असावं.

"पप्पा, काय टेन्शन घेताय," ती म्हणाली. "चिकन मागवा ना. मोठे बाबा नाय बोल्ले म्हणजे नाय. जिताडा म्हणून दुसरंच काय वाढलं आणि नंतर कोणी विचारलं, तर काय सांगणार?" आणि राघोकडे वळून म्हणाली, "बरं झालं मोठे बाबा, तुम्ही वेळेवर आलात."

राघोला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं बरं वाटलं. पोरीने बापासमोर, मामेसासऱ्यासमोर आपलं नाव घेतलं होतं. बंगला दौलतचा, तळं दौलतचं, पण शब्द कोणाचा चालला? त्याने पाठीमागची पिशवी हळूच मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. आता ती बोईटं कोणी बघितली तरी चालणार होतं.

मग धावपळ झाली. दौलतने फोन लावून भिवंडीहून कोंबड्या आणि कोलंबी मागवली. चिरलेला मासा फेकायचा कसा, म्हणून तो एका पातेल्यात भरला, टबातले तिन्ही टबासकट टेम्पोत चढवले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "गोडाऊनवर नेऊन दे हमालांना. बोल, शेठनं दिलेत, शिजवून खावा." टेम्पो गेला तेव्हा त्याच्या मागून पाण्याचा ओघळ रस्त्यावर लांबपर्यंत गेला. दौलत तिथेच उभा होता.

राघो हात धुवायला नळाशी गेला. भाऊ त्याच्या मागून आले. त्यांचे हात काही खराब झाले नव्हते, तरी ते धुवायला लागले.

"आमच्या पेनला घरटी तळी हायेत," भाऊ म्हणाले. आवाज अगदी साधा होता, जसं पाऊसपाण्याचं बोलावं. "जिताडं सोडतो आमी त्यांच्यात. चार-चार वरसं वाढवतो. तळ्यातल्याला गाभोळी धरत न्हाय. चरबीच धरते, पिवळी."

राघोने नळ बंद केला. मग पुन्हा सुरू केला.

"पन तुमच्या घरातली गोष्ट," भाऊ म्हणाले. "मी काय बोलनार." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि पंचा राघोपुढे धरला. राघोने तो घेतला, हात पुसले आणि परत केला. त्याला वाटलं, आता ह्यांनी जाऊन दौलतला सांगावं. म्हणजे निदान आपल्याला चिडता तरी येईल. भाऊंनी कोणालाच काही सांगितलं नाही. ते हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसले आणि हितेशच्या नोकरीबद्दल बोलायला लागले.

पंगत दुपारी उशिरा बसली. हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. पाहुण्यांच्या पंगतीत, अगदी मधोमध, दौलतने राघोला बसवलं. स्वतः बसला नाही. हातात भाताची परात घेऊन वाढत राहिला. राघोला आठवेना की या घरात आपल्याला मधोमध कधी बसवलं होतं. बहुतेक वेळा तो स्वतःच कोपरा धरायचा आणि मग कोपऱ्यात बसवलं म्हणून घरी जाऊन पार्वतीकडे कुरकुर करायचा.

"मंडळी, माफी असावी," दौलत उभ्यानेच म्हणाला. "आमच्या घरच्या पद्धतीपरमानं आज जिताडा पायजे होता. मी आणला, पन चुकीचा आणला. माजी अक्कल तेवढीच. माजा दादा होता म्हनून लाज राहिली. न्हायतर तुमाला मी दुसरंच कायतरी जिताडा म्हनून खावाला घातलं असतं."

"दादांचा शब्द," भाऊ म्हणाले. "तुमी घास घ्या दादा, मंग आमी."

सगळी पंगत थांबली. थोरल्याने घास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही. ती रीत इथेही होती आणि पेणलाही होती. रुचिका दाराशी उभी होती, हसत होती. हितेश मान खाली घालून वाट बघत होता. दौलतने परात खाली ठेवली होती आणि हात जोडावे तसे पोटाशी धरले होते. राघोने भात कालवला. कोंबडीचा रस्सा चांगला झाला असावा, वास तरी चांगला होता. त्याने घास तोंडात घातला, आणि तो काही केल्या खाली जाईना.

इतक्या वर्षांत ज्याची ज्याची म्हणून त्याला भूक होती ते सगळं आज त्याच्यासमोर वाढलेलं होतं. मधली जागा, भावाचे जोडलेले हात, व्याह्यांसमोर मान. त्याला दौलतचा राग यायला हवा होता. तो आणायचा त्याने खूप प्रयत्न केला. बंगल्याच्या टाइल्सकडे बघितलं, गाडी आठवली, गेटवरची प्लास्टिकची खुर्ची आठवली. राग आला नाही. दौलत लहान असताना असाच त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा, हंड्यातलं पिल्लू हातात धरून, दादा काय म्हणतो म्हणून. राघोने पाणी पिऊन घास ढकलला. "बसा, जेवा," तो म्हणाला, आणि पंगत सुरू झाली. त्याने ताटातलं फारसं काही खाल्लं नाही, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण पाहुण्यांच्या पंगतीत थोरला माणूस कमीच जेवतो.

पाहुणे उठले, पानसुपारी झाली, गाड्या निघाल्या. निघताना भाऊंनी राघोचे दोन्ही हात हातात घेतले, पण ते बोलले दौलतशी. "तुमचं तळं एकदा बघाला येनार मी," ते म्हणाले.

"आता काय बघनार भाऊ," दौलत म्हणाला. "उद्या पंप लावतो नि उपसून टाकतो. असल्या माशानं तळं कशाला अडवायचं?" गाडी गेल्यावर तो राघोकडे वळला. "अजून शे-दीडशे हायेत दादा तितं. सगळी काढून टाकतो. आता पिल्ली टाकीन ती तू निवडून दिलीस तरच टाकीन. खाडीत मिळाली तर बघ. न्हाय मिळाली तर तळं राहू दे रिकामं."

बोलायची ती वेळ होती. अंगणात दोघेच होते. गड्यांनी मांडवाच्या खुर्च्या एकावर एक लावल्या होत्या. 'दौलत, जिताडाच हाय त्यो,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग दौलत विचारणार, मग मघाशी न्हाय का बोललास? आणि त्याचं उत्तर राघोला ठाऊक होतं. आत कुठेतरी अजूनही एक बारीक आवाज म्हणत होता, उपसू दे. दोन वरसं मला न दाखवता वाढवलंस ना, आता उपस.

"बघ, तुजं तू," राघो म्हणाला.

दौलतने मान हलवली. तो आत गेला आणि राघो घरी जायच्या ऐवजी गोडाऊनच्या वाटेला लागला. पार्वती फाटकापर्यंत मागोमाग आली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"जेवला न्हाय तुमी," ती म्हणाली.

"जेवलो."

"मी वाढत होते." तिने चिंधीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "मानसाला येवढी कसली आग असते वो?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

गोडाऊनच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली हमालांची जेवणं चालली होती. ट्रक लागलेला होता, पण मुकादम रामकेवलने आज सगळ्यांना जेवायला मोकळं सोडलं होतं. रामकेवल बस्तीकडचा, काल्हेरच्या गोडाऊनांत आयुष्याची बरीच वर्षं गेली होती त्याची. मोठ्या पातेल्यात तांबडा रस्सा उकळत होता आणि त्याचा वास गेटपर्यंत येत होता. मसाला वेगळा होता, मोहरी लावलेली होती, तरी त्या मसाल्याखालचा वास राघोला लांबूनच लागला. बापाच्या हयातीत घरातून यायचा तोच.

"आइए चाचा, बैठिए," रामकेवल म्हणाला. "शेठ ने आज क्या मछली भेजी है! खाइए हमारे साथ."

राघो पोत्यांच्या थप्पीवर बसला. अंगावर लग्नकार्याचा पांढरा सदरा होता, तो सांभाळावा असंही त्याला वाटलं नाही. रामकेवलने स्टीलच्या ताटात भात वाढला, रस्सा ओतला आणि पातेल्यातून माशाचं डोकं उचललं.

"इसमें सब काँटा है, यहाँ कोई नहीं खाता. आपको चलेगा?"

राघोने ताट पुढे केलं. ज्या डोक्यासाठी काल्हेरमध्ये सख्खे भाऊ रुसून बसले होते ते डोकं त्याच्या भातावर आलं. त्याने कल्ल्याचं हाड सुटं करून तोंडात धरलं आणि चोखलं. गोडसर, जड, खाडीच्या चिखलाचा वास नसलेली, पण तीच चव. दुसरी कोणतीही नाही. मग तो जेवायला लागला. दुसऱ्यांदा भात घेतला. डोळा खाल्ला, गालाचं मऊ मांस खाल्लं, हाडं एकेक करून स्वच्छ केली आणि ताटाच्या कडेला ओळीने लावली. बाजूला बसलेले हमाल त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"चाचा, आप तो सब मछली पहचानते हैं," रामकेवल म्हणाला. "नाम क्या है इसका? गाँव में घरवाली को फोन पे बताना है, क्या खाया."

राघोने हातातलं हाड खाली ठेवलं.

"जिताडा," तो म्हणाला.

"अच्छी चीज है," रामकेवल म्हणाला. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तशी हमालांनी ताटं विसळली, डोक्याला फडकी गुंडाळली आणि सगळे पुढच्या बाजूला गेले. शेडखाली राघो एकटा राहिला. त्याने खिशातून मोबाइल काढला, दौलतचा नंबर लावला, आणि पहिली रिंग वाजायच्या आत बंद केला. मग त्याने तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला. शेडखाली तेव्हा कोणी नव्हतं.